केदारनाथचा जलप्रलय आणि हेलिकॉप्टरवरील वीस वीर

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातिसंस्थेची स्मरणिका सिद्ध होते तेव्हा तिची काही पाने आपण ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांच्या चरित्रांसाठी राखून ठेवतो. वसतिगृहास देणगी देणारे दाते, परीक्षांत वरचा क्रमांक मिळविणारे विद्यार्थी, सरकारदरबारी मान पावलेले गृहस्थ, संसार सांभाळून लोकसेवा करणाऱ्या भगिनी, अशांची नावे त्या पानांत येतात आणि ती वाचून आपणां सर्वांस अभिमान वाटतो. तो वाटणे स्वाभाविकच आहे. यंदा मात्र आम्ही एक निराळी हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिच्यातील वीस पुरुष कोणत्या ज्ञातीचे होते हे आम्ही मुद्दामच पाहिलेले नाही. असे असूनही ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत त्यांना स्थान का असावे, याचा खुलासा लेखाच्या ओघात होईल अशी आमची आशा आहे.

ही हकीकत २०१३ सालच्या जून महिन्यातील आहे. केदारनाथच्या महापुराची आठवण आपल्यापैकी पुष्कळांस असेल. आपल्या महाराष्ट्रातून चारधाम यात्रेस जाणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी केदारनाथी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविली, तेव्हापासूनच नव्हे तर त्याच्याही पूर्वीपासून मराठी माणसाची पावले त्या वाटेला वळत आलेली आहेत. त्यामुळे त्या वर्षी महाराष्ट्रातील अनेक घरांत दूरध्वनीजवळ बसून रात्री जागविल्या गेल्या. त्या रात्रींचे स्मरण ज्यांना आहे, त्यांना पुढील मजकूर परका वाटणार नाही.

प्रलय कसा झाला

केदारनाथचे मंदिर समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर, मंदाकिनी नदीच्या उगमाजवळ आहे. त्या काळी मोटारीचा रस्ता गौरीकुंडापर्यंतच होता. तेथून पुढे जंगलचट्टी, रामबाडा, गरुडचट्टी अशी सुमारे चौदा किलोमीटरची चढण पायी, घोड्यावरून किंवा डोलीतून पार करावी लागे. मंदिराच्या वरच्या अंगाला हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाआड एक तळे होते. त्याचे जुने नाव चोराबारी ताल. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे तेथे विसर्जन झाले, म्हणून त्यास गांधी सरोवर असेही म्हणत.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या काळच्या सरासरीप्रमाणे साधारणपणे जुलैच्या मध्यास सगळा देश व्यापत असे. २०१३ साली त्याने १६ जून रोजीच, म्हणजे महिनाभर आधी, सगळा देश व्यापला. यात्रेचा भर ओसरण्याच्या आधीच पाऊस आला, हे त्या अनर्थाचे पहिले कारण. तीनचार दिवस अखंड वृष्टी झाली. वर साठलेला बर्फ पावसाने वितळू लागला. १६ जूनच्या सायंकाळी नदीनाल्यांना आलेला पूर केदारनाथच्या वस्तीत शिरला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ जूनच्या सकाळी, चोराबारी तालाचा बांध फुटला. ज्या तळ्यास पाणी बाहेर जाण्याची नेहमीची वाट नव्हती, ते तळे काही मिनिटांत रिकामे झाले आणि पाणी, चिखल व प्रचंड धोंडे यांचा लोंढा मंदिराच्या दिशेने धावला. एक महाकाय शिळा मंदिराच्या पाठीशी येऊन अडकली, तिच्यामुळे लोंढा दुभंगला आणि मंदिर वाचले. लोक तिला भीमशिला म्हणतात. मंदिराभोवतीची वस्ती मात्र वाचली नाही. वाटेवरील रामबाडा हे ठिकाण तर जवळजवळ पुसले गेले.

मृतांची नेमकी गणती कधीच होऊ शकली नाही. उत्तराखंड सरकारने १६ जुलै २०१३ रोजी दिलेल्या माहितीप्रमाणे ५,७०० हून अधिक माणसे मृत समजण्यात आली. यात्रेकरू होते, तसेच घोडेवाले, डोलीवाले, दुकानदार, पुजारी, हॉटेलांत काम करणारी पोरे हेही होते. रस्ते वाहून गेले, पूल तुटले आणि डोंगराच्या कडेकपारींत सहस्रावधी माणसे अडकून पडली. पायवाट उरली नाही, तेव्हा आकाशवाट तेवढी शिल्लक राहिली.

आकाशवाट

पुरातून हेलिकॉप्टरच्या साहाय्याने माणसे काढण्याची पद्धत फार जुनी नाही. १९५३ सालच्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राचे पाणी नेदरलँड्स देशात शिरून तेथील १,८३६ माणसे दगावली. त्या वेळी घरांच्या छपरांवर अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरांनी उचलल्याचे दृश्य जगाने पाहिले. आपल्या विमानदलात पहिले हेलिकॉप्टर त्यानंतर वर्षभरात, १९५४ साली, आले. तेव्हापासून आपल्या देशातील पूर, वादळे आणि भूकंप यांच्या हकीकतींत या यंत्राचे नाव वारंवार येते.

१७ जून २०१३ पासून भारतीय विमानदलाने उत्तराखंडात जे कार्य आरंभिले, त्यास ‘ऑपरेशन राहत’ असे नाव देण्यात आले होते. त्याची सूत्रे एअर कमोडोर राजेश इस्सर यांच्याकडे होती. पहिल्या टप्प्यात विमानदलाच्या यंत्रांनी २,१०० हून अधिक उड्डाणे करून सुमारे १९,६०० माणसे सुरक्षित स्थळी आणली आणि तीन लाख ऐंशी हजार किलोहून अधिक वजनाचे साहित्य पोहोचविले. सैन्य, सीमा पोलीस, खासगी हेलिकॉप्टरांचे वैमानिक आणि गावकरी या सर्वांनी मिळून सोडविलेल्या लोकांची संख्या एक लाखाहून अधिक झाली.

हे आकडे मोठे आहेत. पण आकड्यांपेक्षा त्यामागील श्रम समजून घेणे आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते. विमानदलाचा आकडा उड्डाणांनी भागून पाहिला तर एका उड्डाणामागे सरासरी नऊ माणसे पडतात. एवढीच का, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर हवेत आहे. हेलिकॉप्टर हे आपल्या पंख्याने हवा खाली ढकलून वर राहते. केदारनाथच्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे सात दशांश एवढीच असते. पातळ हवेत पंख्यास पुरेसा आधार मिळत नाही आणि इंजिनाचाही जोर घटतो. म्हणून जे यंत्र मैदानात तीसपस्तीस माणसे सहज नेते, त्यात डोंगरावर चढविताना वजनाचा काटेकोर हिशेब करावा लागतो. इंधन अधिक घ्यावे तर माणसे कमी, माणसे अधिक घ्यावी तर इंधन कमी, असा हा हिशेब असतो. इंधन पुढच्या तळांवर पोहोचविणे हेच एक वेगळे युद्ध होते. त्यासाठी एमआय-२६ हे अवजड हेलिकॉप्टर गौचरला इंधन नेत होते, तर सी-१३० जे जातीचे मोठे विमान धरासूच्या छोट्याशा धावपट्टीवर उतरवून त्याच्याच टाक्यांतील इंधन हेलिकॉप्टरांसाठी काढून घेतले गेले.

यावर भर म्हणजे दऱ्या अरुंद. ढग खाली उतरले की पुढची कडा दिसत नाही आणि मागे वळण्यास जागा नसते. दरीवरून ताणलेल्या तारा वैमानिकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. उतरण्याची जागा म्हणजे पुराने आणून टाकलेले धोंडे आणि ओला गाळ. गरुड कमांडो दलाचे जवान आधी दोरावरून खाली उतरत आणि दगड हलवून यंत्र टेकण्यापुरती जागा सिद्ध करीत. काही ठिकाणी पूर्ण टेकणेही शक्य नसे.

दाराशी उभा असलेला माणूस

हेलिकॉप्टर म्हटले की आपणांस वैमानिक आठवतो. तो आठवावा हे योग्यच. परंतु एमआय-१७ सारख्या यंत्रात वैमानिकांच्या मागे आणखी माणसे असतात, आणि त्यांचे काम आपणांस सहसा ठाऊक नसते. एकजण यंत्रांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनियर, दुसरा फ्लाइट गनर. युद्धात बंदूक सांभाळणे हे त्या दुसऱ्याचे काम. पुरात मात्र त्याची बंदूक बाजूस राहते आणि दार हेच त्याचे ठाणे होते.

वैमानिकाला आपल्या पाठीमागचे काही दिसत नाही. शेपटीचा फिरता पंखा खडकापासून किती हातांवर आहे, चाक टेकले की अधांतरी आहे, हे दारातून बाहेर वाकून पाहणाऱ्या माणसाने सांगायचे आणि वैमानिकाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. खाली धुळीचा आणि पाण्याच्या तुषारांचा लोट उठलेला असतो. पंख्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही, म्हणून सर्व बोलणे हातांनी. दोनतीन दिवसांचे उपाशी, भिजलेले, आप्त गमावलेले लोक यंत्राकडे धावतात. त्यांना शेपटीच्या पंख्यापासून दूर ठेवायचे, म्हाताऱ्यांना बगलेत धरून आत घ्यायचे, लेकरे उचलून घ्यायची आणि हे सर्व करीत असता माणसे मोजायची.

ही मोजणी सर्वांत कठीण. हिशेबाप्रमाणे माणसे भरली की त्याला हात आडवा करावा लागतो. त्या हाताच्या अलीकडे कोणी बाप असतो आणि पलीकडे त्याचा मुलगा. एक माणूस अधिक घेतला तर आतल्या सर्वांचा जीव धोक्यात येईल हे त्यास ठाऊक असते. खाली उभ्या असलेल्यांस ते ठाऊक नसते. पुन्हा येतो, एवढेच तो हाताने सांगू शकतो. अशा अनेक खेपा दिवसभरात होतात, आणि प्रत्येक खेपेला ते वचन पाळण्यासाठी ढगांची पर्वा न करता परत जावे लागते. शौर्य म्हणजे शत्रूवर चालून जाणे, एवढाच अर्थ आपण लहानपणापासून घेत आलो. ज्या ठिकाणाहून आपण नुकतेच सुखरूप निघालो तेथे दिवसातून पुनःपुन्हा जाणे, हेही शौर्यच होय असे आम्हास वाटते.

पंचवीस जूनची फेरी

२५ जूनपर्यंत केदारनाथच्या परिसरातील जिवंत यात्रेकरूंपैकी बहुतेक खाली आणले गेले होते. मागे राहिले होते ते मृत. पुराला आठ दिवस उलटले होते. ढिगाऱ्यांखाली, गाळात आणि मंदिराच्या आसपास प्रेते पडून होती. पाऊस थांबत नव्हता. रोगराईचे भय होते. प्रेते खाली आणणे अशक्य होते, आणि तेथेच अग्नी द्यावा तर त्या उंचीवर झाडे नाहीत. सरणाचे लाकूडसुद्धा आकाशमार्गानेच न्यावे लागणार होते.

विमानदलाचे एमआय-१७ व्ही-५ जातीचे एक हेलिकॉप्टर त्या कामावर होते. बंगालमधील बराकपूरच्या तळावरून ते उत्तराखंडात आणलेले होते. त्याचे कप्तान होते विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो. त्यांच्यासमवेत फ्लाइट लेफ्टनंट के. प्रवीण, फ्लाइट लेफ्टनंट तपन कपूर, ज्युनियर वॉरंट ऑफिसर ए. के. सिंह आणि सार्जंट सुधाकर यादव असे पाच जणांचे पथक होते. यंत्र आणि दार सांभाळणाऱ्या ज्या वर्गाविषयी आम्ही वर लिहिले, त्यातील शेवटचे दोघे.

त्या दिवशी या हेलिकॉप्टरने अंत्यसंस्काराचे साहित्य केदारनाथला पोहोचविले. परत येताना त्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे नऊ आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे सहा जण बसले. अनेक दिवस त्या चिखलात जिवंतांना शोधणारे आणि मृतांना गोळा करणारे हे लोक होते. हवा वाईट होती. केदारनाथहून निघालेले ते यंत्र गौरीकुंडाच्या उत्तरेस डोंगरउतारावर कोसळले. वीसांपैकी एकही वाचला नाही.

त्या वीसांत गणेश अहिरराव आणि शशिकांत पवार हे आपल्या महाराष्ट्राचे दोन जवान होते. प्रवीण हे तमिळनाडूतील मदुराईचे. कर्नाटकाचे बसवराज यरगट्टी त्यांत होते. हेलिकॉप्टरचे कप्तान ख्रिस्ती होते आणि त्यांनी नेलेली लाकडे हिंदू यात्रेकरूंच्या सरणाची होती. वेगवेगळ्या प्रांतांतील, वेगवेगळ्या भाषा घरात बोलणारे वीस पुरुष एकाच उतारावर पडले.

दुसऱ्या दिवशी, २६ जून रोजी, विमानदलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल ब्राऊन गौचरला गेले आणि हे कार्य थांबणार नाही असे त्यांनी आपल्या माणसांस सांगितले. ते थांबले नाहीच. आदल्या दिवशी सहकारी गमावलेले वैमानिक त्याच दऱ्यांत पुन्हा उडाले. केदारनाथी अंत्यसंस्कारही सुरू झाले. पुढेमागे आप्तांना ओळख पटावी म्हणून मृतांचे डीएनए नमुने जपून ठेवण्यात आले, आणि मग त्यांना अग्नी देण्यात आला. मंदिरातील पूजा ११ सप्टेंबर २०१३ रोजी पुन्हा सुरू झाली. विंग कमांडर कॅस्टेलिनो यांना सरकारने मरणोत्तर कीर्तिचक्र अर्पण केले.

मृतांसाठी जिवंतांनी जावे काय?

ही हकीकत आम्ही काही ज्ञातिबांधवांस सांगितली तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी प्रश्न केला की, जिवंतांना सोडविताना प्राण गेले असते तर ते समजले असते. पण जे गेलेच होते, त्यांच्यासाठी वीस जिवंत माणसे का जावीत? प्रश्न कठोर आहे, पण तो प्रामाणिक आहे आणि त्यास टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

व्यवहाराची उत्तरे आहेत. प्रेते तशीच राहिली असती तर खालच्या गावांना आणि तेथे काम करणाऱ्यांना रोगाचे भय होते. शिवाय परतीच्या फेरीत बसलेले पंधरा जण हे काही मृत नव्हते; त्यांनाही त्या डोंगरावरून कधीतरी खाली यायचेच होते, आणि दुसरी वाट नव्हती. पण आम्हास वाटते, एवढ्याने उत्तर पुरे होत नाही.

ज्यांच्या घरचे माणूस यात्रेस जाऊन परत आले नाही, त्यांना विचारून पाहावे. मृत्यूचे दुःख काळाने कमी होते. परंतु आपल्या माणसाचे देहकार्य झाले की नाही, त्याच्या देहाचे काय झाले, ही टोचणी कमी होत नाही. त्याला अग्नी मिळाला, कोणीतरी हात जोडून दिला, एवढे समजले तरी घरातील म्हातारी माणसे स्वस्थ झोपू शकतात. केदारनाथच्या त्या फेरीने सहस्रावधी घरांसाठी जे करावयाचे योजले होते, ते एवढेच आणि एवढे मोठे होते. त्याची किंमत वीस प्राण असावी काय, हे ठरविण्याचा अधिकार आम्हास नाही. ती ठरविण्यासाठी ते वीस जण थांबले नाहीत, हे मात्र आम्ही जाणतो.

ज्ञाती कोणास म्हणावे?

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपण ‘ज्ञाती’ हा शब्द रोज वापरतो. आपल्या संस्थेच्या नावात, पावतीपुस्तकावर आणि सभागृहाच्या पाटीवर तो आहे. परंतु आपल्या धर्मशास्त्रात या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा वेगळा आणि अधिक जबाबदारीचा होता. ज्यांना एकमेकांचे सुतक लागते, जे एकमेकांस अखेरचे उदक देतात, ते ज्ञाती. समानोदक हा शब्दच त्या अर्थाचा आहे. लग्नाच्या पंगतीला कोण बसतो यावरून नव्हे, तर मृत्यूच्या वेळी कोण उभा राहतो यावरून ज्ञाती ओळखली जात असे.

आपल्यासारख्या कित्येक ज्ञातिसंस्थांचा आरंभही याच कार्यातून झाला आहे. पोटासाठी मुंबईस आलेला माणूस चाळीच्या खोलीत वारला की त्याला खांदा देण्यास चार माणसे मिळत नसत, लाकडांस पैसे नसत. तेव्हा दरमहा चार आणे वर्गणी गोळा करून तिरडीचे सामान आणि लाकडे पुरविणारी मंडळे निघाली. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, वधूवर मेळावे हे सर्व त्यानंतर आले. परगावी कोणी बेवारस जाऊ नये, ही या सर्व इमारतीच्या पायातील पहिली वीट आहे.

या कसोटीवर पाहिले तर केदारनाथच्या मृतांचे ज्ञाती कोण ठरतात? ज्यांना त्या मृतांची नावे ठाऊक नव्हती, भाषा ठाऊक नव्हती, जात विचारावयास तेथे कोणी जिवंत नव्हते, अशांसाठी ज्यांनी ढगांतून सरण नेले, तेच. मडके धरण्याचा अधिकार कोणाचा यावर आपल्याकडे आजही भाऊबंदांत वाद होतात. त्या डोंगरावर हा वाद घालण्यास कोणी नव्हते. जो पोहोचला, त्याने ते काम आपले मानले.

हे सर्व दूरच्या हिमालयातील म्हणून आपण बाजूस ठेवू नये. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीजवळ पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आणि नौदलाची हेलिकॉप्टरे तेथे पोहोचली आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली-कोल्हापूरचा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हाही हीच दले गावोगावी आली. होडीत हात देऊन ओढून घेणाऱ्याचे आडनाव त्या वेळी कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पूर ओसरल्यावर, घरे धुऊन झाल्यावर आणि मदतीच्या याद्या करताना मात्र आडनावे पुन्हा आठवू लागतात. हा दोष इतरांचाच आहे असे म्हणण्याची आमची तयारी नाही.

ज्ञातिसंस्था नसाव्यात असे आम्ही म्हणत नाही. या संस्थेच्या वसतिगृहात राहून आमच्या पिढीतील अनेकांची शिक्षणे झाली आणि ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. मनुष्य प्रथम आपल्या घरावर प्रेम करावयास शिकतो, मग गल्लीवर, मग गावावर. ज्ञाती ही त्या शिक्षणातील एक इयत्ता आहे. त्या इयत्तेत बसावयास हरकत नाही, परंतु जन्मभर त्याच इयत्तेत बसून राहणे बरे नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून या लेखाच्या अखेरीस आम्ही कार्यकारी मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवीत आहोत. आपली संस्था दरवर्षी ज्या शिष्यवृत्त्या देते, त्यांत आणखी एकीची भर घालावी. ती पुरात, आगीत किंवा अन्य आपत्तीत दुसऱ्यांचे प्राण वाचविताना ज्याचे किंवा जिचे पालक गेले, अशा विद्यार्थ्यास मिळावी. तिच्या अर्जात ज्ञातीचा रकाना नसावा. रक्कम मोठी नसली तरी चालेल. आपल्या पहिल्या मंडळांची वर्गणीही चार आणेच होती. आणि २५ जून ही तारीख संस्थेच्या दिनदर्शिकेत छापावी, म्हणजे घराघरांत मुले विचारतील की त्या दिवशी काय झाले, आणि वडिलांना सांगावे लागेल.

आपल्यापैकी जे यात्रेस जातील त्यांना एकच विनंती. गौरीकुंडाच्या वर चढताना वाटेत थोडे थांबावे आणि मंदाकिनीचे ओंजळभर पाणी त्या वीस जणांच्या नावाने सोडावे. उदक देणारा तो ज्ञाती, असे शास्त्र सांगते. त्यांनी आपल्या यात्रेकरूंच्या बाबतीत ते नाते आधीच जोडून ठेवले आहे. आपल्या बाजूने ते मान्य करणे एवढेच उरले आहे.